बिनसुरकुतीच्या बारा खाटा

दोन्ही तळहात चादरीच्या मधोमध टेकवायचे आणि तिथून कडेपर्यंत ओढत न्यायचे. मग खाटेच्या पायथ्याशी उकिडवं बसून, एक डोळा मिटून, रंधा मारलेल्या फळीकडे सुतार बघतो तसं त्या चादरीकडे आडवं बघायचं. समाधान झालं की गुडघ्यावर हात देऊन उठायचं आणि म्हणायचं, "सुरकुती दिसली की माणूस दिसतो. माणूस दिसला की साहेब प्रश्न विचारतो."

आमच्या सिस्टरचं तपासणीशास्त्र एवढंच. सगळ्या नोकरीत ते कधी खोटं ठरलं नाही. एकदाच ठरलं, आणि तीच गोष्ट सांगायला मी बसलोय.

सिस्टर म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयातल्या प्रसूती वॉर्डच्या इनचार्ज. बारा खाटांचा वॉर्ड, आत एक प्रसूतीची खोली, मागे धुण्याचे गठ्ठे ठेवायची एक कोंदट खोली. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. फाटकावरच्या पाटीवरचीही निम्मी अक्षरं पडलेली आहेत, मी कशाला भर घालू? तुम्ही अशा रुग्णालयात कधी गेला असाल तर तुम्हीही अशी सिस्टर पाहिली असेल. आधी किल्ल्यांचा जुडगा ऐकू येतो, मग पांढरे कॅनव्हासचे बूट दिसतात, आणि मग आपण उगाच उभे राहतो.

मी केसपेपरच्या खिडकीत. नाव, वय, पत्ता, काय होतंय? दीड फुटाची ती खिडकी म्हणजे माझी रंगभूमी. गावच्या जत्रेत नाटकं केलेला माणूस मी, मला समोर रांग दिसली की प्रेक्षक दिसतात. डॉक्टरांच्या नकला, साहेबांच्या नकला, सगळं तिथेच चालायचं. सिस्टर मला नाटक्या म्हणायच्या. "नाटक्या, पडदा पाड. रांगेत मागे बाईला कळा येतायत आणि तू पुढच्यांना हसवतोयस. इथेच बाळंत होईल ती!"

त्या वसईच्या पश्चिमेकडच्या, कॅथलिक घरातल्या. घरी केळीची वाडी. बहिणीचा फोन आला की त्या आपल्या बोलीत जे सुरू व्हायच्या, त्यातलं आम्हाला अर्धंच कळायचं, आणि ते अर्धं बहुधा आमच्याबद्दल असायचं. प्रत्येक बाळंतिणीला घरी जाताना त्या दोन सुकेळी द्यायच्या. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो, पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात, ती मधासारखी होतात. "लोह-बिह सरकार देईल," सिस्टर म्हणायच्या, "गोड मी देते."

सातिवलीच्या गाळ्यांत डबे भरणाऱ्या बायका, गोखिवऱ्याच्या चाळीतल्या, अर्नाळ्याच्या कोळणी, सगळ्या त्यांच्याकडे यायच्या. एकदा एक दाढीवाला गडी बायकोला घेऊन आला आणि कोपऱ्यात गप्प उभा राहिला. सिस्टरनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू माझ्या हातातला. जन्मलास तेव्हाही तोंड उघडत नव्हतास, दोन चापट्या द्याव्या लागल्या. आज परत देऊ, की बायकोशी धीराचे दोन शब्द बोलतोस?" गडी बोलला. काय बोलला ते कळलं नाही, पण बायको कळांमध्येही हसली.

आता तपासणीचं सांगतो. सरकारी रुग्णालयात तपासणी म्हणजे घरचं लग्न. कुंड्या येतात, चुना येतो, मोडका वजनकाटा न्हाणीघरात लपतो. सिस्टरच्या वॉर्डात याहून सूक्ष्म काम चाले. लोखंडी कपाटात डांबरगोळ्या घालून बारा पांढऱ्याशुभ्र चादरी ठेवलेल्या होत्या. त्यांचं नाव साहेबांच्या चादरी. त्यांच्यावर कधी कोणी झोपलं नव्हतं. बाळंतिणींच्या नशिबी विटक्या, ठिगळाच्या चादरी. साहेब यायचे त्या दिवशी मात्र कपाट उघडायचं. ज्यांना घरी पाठवणं शक्य आहे त्यांना आदल्या दिवशी घरी पाठवायचं. "साहेब गेले की या गं, बायांनो." साहेब यायचे, बारा खाटांवर बारा पांढरी तळी बघायचे, "वा, स्वच्छता!" म्हणायचे, चहा पिऊन जायचे. संध्याकाळपर्यंत चादरी परत कपाटात आणि बायका परत खाटांवर.

मी एकदा विचारलं होतं, "सिस्टर, या चादरी बायकांना का नाही देत?"

"अरे, मग साहेबाला काय दाखवू? एक प्रश्न विचारला की तीन कागद मागतात. तीन कागद आले की एक खाट जाते. पूर्वी वीस होत्या माझ्याकडे."

म्हणून सुरकुती नको. बारा खाटा टिकवायच्या होत्या, एवढाच हिशेब.

मग ते पत्र आलं. पत्रं माझ्याच खिडकीत येतात. विषय असा होता: 'सार्वजनिक रुग्णालयांतील सेवांच्या खर्चाच्या तुलनेतील परिणामकारकतेचे मूल्यमापन.' आता तुम्हीच सांगा, असं वाक्य हाती आल्यावर माझ्यासारख्याने काय करावं? मी थेट वॉर्डात गेलो, गळ्यात टॉवेल टाकला आणि नांदी म्हणावी तसं ते पत्र गाऊन दाखवलं. 'परिणामकारकतेचे'वर तर अशी तान घेतली की दोन बाळं जागी झाली. बायका पोट धरून हसल्या. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे तपासणीच ना?"

"तपासणीच," मी म्हणालो. "तीन दिवसांची."

पत्र तीन पानांचं होतं. मी पहिलंच पान गायलो. टाळ्या पडल्यावर कोणता नट पुढे वाचतो?

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की नोंदवहीतले आकडे धरले जाणार नाहीत. बरोबरच होतं, नोंदवहीत आकडे कसे फुगतात ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. म्हणून प्रत्यक्ष खाटेवर किती माणसं आहेत ते दिवसातून दोनदा मोजलं जाईल, आणि त्यावरून वॉर्ड चालू ठेवणं परवडतं की नाही ते ठरेल.

मी ते वाचलं होतं का? वाचलं होतं. डोळ्यांखालून गेलं होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा पुढची तान होती.

आदल्या दिवशी सिस्टरनी वॉर्ड रिकामा केला. नऊ बायका घरी गेल्या. त्यांत अर्नाळ्याच्या एका कोळणीची लेक होती, पहिलटकरीण, दिवस भरलेली. आई जायला तयार नव्हती. "शिस्टर, पानी सुटलं तर?"

"सुटलं तर तशीच घेऊन ये. मी कुठे पळून जाते काय? मागच्या दाराने ये फक्त."

पाहणीला आली एक मुलगी, पुण्याची, चष्मा, पाठीवर पिशवी, हातात टॅब. मान वर करून बोलणारी, गोड. साहेब वगैरे कोणी नाहीच. तिने आल्या आल्या बारा खाटा मोजल्या, टॅबवर लिहिलं आणि सिस्टरजवळ स्टूल ओढून बसली.

"सिस्टर, एका बाळंतपणाला साधारण किती खर्च येतो?"

"कोणाला?"

"म्हणजे... रुग्णालयाला."

"असं होय. मला वाटलं, बाईला."

मुलीने टॅबवर बोट वर-खाली केलं. "बाईचा रकाना नाहीये यात."

"नसू दे," सिस्टर म्हणाल्या. "बाईला सवय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्नाळ्याची रिक्षा मागच्या दाराशी लागली. पाणी सुटलेलं होतं. सिस्टरनी नेहमीसारखी क्रूसाची खूण केली, बाह्या सरसावल्या, आणि तासाभरात मुलगी झाली. सगळं ठीक. आणि मग प्रश्न उभा राहिला की बाळंतिणीला आणि बाळाला ठेवायचं कुठे? बाराच्या बारा खाटांवर साहेबांच्या चादरी ताणून बसवलेल्या. मोजणीची वेळ झालेली.

तुमच्या लक्षात आलं असेल. सिस्टरनी त्या दोघींना मागे गठ्ठ्यांच्या खोलीत, धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर गादी टाकून निजवलं.

पाहणीवाली मुलगी आली, खाटा मोजत शेवटच्या खाटेपाशी पोचली, आणि भिंतीपलीकडून बाळ रडलं. मुलगी थांबली. "बाळ रडतंय ना कुठेतरी?"

"मांजर आहे," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "बाळंतिणींचा वॉर्ड ना, मांजरीही इथेच येतात बाळंत व्हायला."

आणि मी, सही करायचा कागद घेऊन आलेला नाटक्या, मी काय केलं असेल? मी दाराआड गेलो, पाय आपटला आणि "शुक! शुक! चल निघ!" करून ते मांजर हाकललं. काय अभिनय होता! आतल्या कोळणीने लेकीच्या बाळाच्या तोंडावर पदर धरला. पाहणीवाली मुलगी हसली. कागदावर तिने लिहिलं, 'एकूण खाटा बारा, वापरात शून्य,' आणि सिस्टरनी खाली सही केली. त्यांची सही सुंदर होती, शाळेत कित्ता गिरवल्यासारखी. तीन दिवस, सहा वेळा, सहा शून्यं, सहा सुंदर सह्या.

जाताना मुलगी म्हणाली, "सिस्टर, इतका स्वच्छ वॉर्ड मी कुठेच पाहिला नाही." सिस्टरनी तिलाही दोन सुकेळी दिली.

काही महिन्यांनी अहवालावरून आदेश आला. भाषा सभ्य होती. खाटांचा वापर होत नाही, त्यामानाने पगार, वीज, औषधं यांवरचा खर्च अवाजवी आहे, सबब हा वॉर्ड बंद करून बाळंतपणं खाडीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात एकत्र करावीत. हा आदेश आला त्या दिवशी बारा खाटांच्या वॉर्डात चौदा बायका होत्या. दोघी जमिनीवर.

सिस्टरनी आदेश वाचला. मग मला म्हणाल्या, "ते पहिलं पत्र आण."

मी आणलं. त्यांनी खिडकीशी उभं राहून तीनही पानं वाचली. तिसऱ्या पानावर त्या बराच वेळ होत्या. मी वाट बघत होतो. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी पत्राची घडी घातली, तळहाताने दाबून सपाट केली आणि माझ्या हातात ठेवली.

"तुझा आवाज चांगला आहे रे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी सगळं वाच."

आणि माझ्याकडे न बघता, "मी बाळ लपवलं, नाटक्या. अख्खा जन्म बाळं बाहेर काढली आणि एक लपवलं."

गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आम्ही पालघरला जिल्ह्याच्या कचेरीत गेलो, एसटी बदलत, सिस्टर, मी, अर्नाळ्याची कोळीण, तिची लेक आणि ते बाळ. साहेबांच्या खोलीत शिरल्या शिरल्या सिस्टरनी बाळ उचललं आणि टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवलं. "हे बघा तुमचं शून्य."

शून्याने फायलीवर मुतून आपलं अस्तित्व सिद्ध केलं. मी मनात टाळ्या वाजवल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने फाईल उचलली नाही, बाळाकडेच बघत राहिला. मग कपाटातून सहा कागद काढले. "सिस्टर, या सह्या कोणाच्या?"

"माझ्या."

"मग मी काय करू? मला दिसतंय हो. पण मला दिसून काय उपयोग, कागदावर दिसायला हवं होतं."

"मग परत मोजा. आज या. आत्ता चला."

"मोजणीला निधी लागतो. पाहणीचा निधी संपला." त्याने बाळाच्या तळपायाला बोट लावलं. "तुमचा अर्ज वर पाठवतो."

परतीच्या एसटीत कोणी बोलेना. ते मला सहन होत नाही, हा माझा जुना रोग. मी साहेबाची नक्कल काढली. फायलीवरून ओघळ कसा आला, साहेबाने चष्मा कसा वर केला, "वर पाठवतो" म्हणताना छताकडे कसं बघितलं, सगळं. कोळीण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली आणि म्हणाली, "म्हनजे झालं म्हना काम! साहेबानं पाठवला कागुद!"

मी नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही. हसलो. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. कोळणी उतरायला लागल्या तेव्हा त्यांनी आपल्या पिशवीतून काहीतरी काढून बाळाच्या दुपट्याखाली सरकवलं आणि लेकीच्या कानाशी काही बोलल्या. मला वाटलं, सुकेळी असतील.

वॉर्डाला कुलूप लागलं. सामान जमा करून घ्यायला भांडारपाल आला. खाटा बारा, बरोबर. साहेबांच्या चादरी अकरा.

"सिस्टर, बारावी?"

"वापरली."

"कोणी?"

"माणसाने."

त्याने लेखी खुलासा मागितला. सिस्टरनी तोच एक शब्द लिहून दिला, तशाच वळणदार अक्षरात.

मग त्यांना लसीकरणाला बसवलं. तिथेही त्या बाळांना गुदगुल्या करायच्या, पण किल्ल्यांचा जुडगा नव्हता. त्या येताहेत हे कळायचंच नाही. माझ्या खिडकीशी दिवस भरलेल्या बायका यायच्या आणि मी पत्ता सांगायचो, खाडीपलीकडे, पहिल्यांदा ही रिक्षा, मग ती बस. एकीने विचारलं, "तिथपर्यंत थांबेल का हो?" मी नक्कल करणं त्याच सुमाराला बंद केलं.

सिस्टर निवृत्त झाल्या, आणि वर्ष व्हायच्या आत पोटाच्या दुखण्याने गेल्या. एका खासगी दवाखान्यात. मी त्यांच्या भावाला म्हणालो, आपल्याकडे का नाही आणलंत? तो म्हणाला, "तीच नको म्हणाली. म्हणाली, तिथे सगळ्या माझ्या हाताखालच्या. मला बघायचं सोडून चादर नीट करत बसतील."

महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, कोणाकोणाला सांगायचं याचा विचार करताना मला अर्नाळ्याची कोळीण आठवली. रविवारी दुपारी गेलो. दारापुढे बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि दाराशी ती लेक उभी होती. सातपाटीला दिलेली, माहेरी आलेली. कडेवर आमचं शून्य, चांगलं दोन वर्षांचं, अंगठा चोखणारं. आणि पोट पुढे आलेलं, दिवस भरत आलेले.

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी बाहेर आली. "खिडकीवाले भाऊ! देवासारका आलास. लोक सांगतात, वॉर्ड बंद झाला. मी म्हनलं, लोकांना काय कळतंय, भाऊनं मला गाडीत सोता सांगितलंय, कागुद गेला म्हनून. थांब, तुला गंमत दावते."

तिने आत नेलं. पत्र्याची पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला आमचं लोखंडी कपाट दिसलं. तिने साहेबांची बारावी चादर काढली आणि खाटेवर पसरली. पांढरीशुभ्र. कोपऱ्यात रुग्णालयाचा शिक्का.

"शिस्टरनं दिली. लेकीला बोलली, दुसऱ्या खेपंला हीच घिऊन ये, हिच्यावरच निजायचं, बिनधास सुरकुत्या पाडायच्या, कोन विचारलं तर माझं नाव सांग. वापरली नाय आमी, जपून ठिवली." तिने माझ्याकडे बघितलं. "शिस्टरला सांग, या आठवड्यात येतोय. म्होरल्या दारानं येऊ ना या टायमाला?"

माझ्याकडे या प्रसंगाचे निदान चार प्रवेश तयार होते. तिला हसवून, विषय बदलून, मिस्साचा निरोप हळूच कुठेतरी मध्ये टाकून मी निघू शकलो असतो. आजवर तेच केलं होतं.

"मावशी, बसा," मी म्हणालो, आणि तिसऱ्या पानापासून सुरुवात केली.

सगळं सांगितलं. मांजर सांगितलं, सहा सह्या सांगितल्या, गाडीत मी का हसलो ते सांगितलं, कुलूप सांगितलं, आणि शेवटी सिस्टर सांगितल्या. म्हातारीचे दोन्ही तळहात चादरीच्या मधोमध टेकलेले होते आणि आपसूक कडेकडे सरकत होते, परत मध्ये येत होते, परत सरकत होते.

"खाडीपल्याड किती येळ लागतो?" तिने एवढंच विचारलं.

मी खरा वेळ सांगितला.

लेक दाराला टेकून अजून उभीच होती. पाय सुजलेले, कडेवर मूल. मी म्हटलं, बस ना गं. तिने खाटेकडे बघितलं आणि मान हलवली. चादर चुरगळेल म्हणून ती बसली नाही.